यात्रेची गाडी आणि तिचा विमा

आम्ही चिखली तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटाच्या बाया, मोजून अकरा जणी. आजचा विषय ऐकून काही जणी रेडिओचा आवाज बारीक करतील, पण करू नका. आज गाडीच्या विम्याबद्दल बोलायचं आहे. ज्या गाडीत बसून आपण दर्शनाला, जत्रेला, लग्नाला, लोणारचं सरोवर पाहायला जातो, त्या गाडीचा विमा. हे माणसांचं काम, आपल्याला त्यातलं काय कळतं, असं आम्हीही म्हणत होतो. आता म्हणत नाही. काहून नाही, ते सांगतो.

तीन वर्षांमागं आम्ही शेगावला प्रगट दिनाच्या दर्शनाला गेलो होतो. गावातल्याच एका पोराची पिकअप होती. एरवी ती सोयाबीन, कांदा घेऊन चिखलीच्या मार्केटला जाते. त्या दिवशी मागं सतरंजी टाकली, वर ताडपत्री बांधली आणि आम्ही अठरा बाया बसलो. डिझेलचे पैसे सगळ्यांनी मिळून दिले. दर्शन झालं, प्रसाद झाला, खामगाव सोडलं, उंद्री गेली आणि अंधार पडायच्या वेळी समोरून आलेल्या गाडीला वाट देताना पिकअप रस्त्याखाली उतरली आणि कलंडली. जीव सगळ्यांचे वाचले. दोघींचे हात मोडले. आमच्या गटातल्या एका काकूंचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत रॉड बसला. दोन शेळ्या आणि कानातलं त्यात गेलं, आणि काकू आजही काठी घेऊन चालतात.

गाडीवाला पोरगा भला. दवाखान्यात रोज यायचा. म्हणायचा, "काकू, काळजी करू नका, गाडीचा विमा चालू आहे." त्यानं कागदही दाखवला. तारीख खरंच संपलेली नव्हती. आम्ही निश्चिंत झालो. पुढं विमा कंपनीकडं विचारणा केली तेव्हा कळलं, विमा चालू होता, पण आमच्यासाठी नव्हता. तो मालवाहू गाडीचा विमा. मालवाहू गाडीत मागं बसलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २००२ मध्ये आशा राणी यांच्या खटल्यात हे स्पष्ट केलेलं आहे. कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं एक सूट आहे, ती अशी की आपल्या मालाबरोबर मालाचा मालक किंवा त्यानं नेमलेला माणूस गाडीत बसला असेल तर त्याला विमा लागू होतो. हे ऐकून गावातल्या एका शहाण्यानं सुचवलं, "मंग सांगा ना, सोयाबीन घेऊन येत होतो म्हणून." काकू खाटेवरूनच म्हणाल्या, "शेगावहून अठरा बाया सोयाबीन घेऊन येतात काय रे बाबा?" हसू आलं, पण खोटं सांगायचं नाही हे तिथंच ठरलं. खोटा दावा उघडा पडतो आणि मग खऱ्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

आता कोणी म्हणेल, विमा कंपनी देत नाही तर भरपाई मिळतच नाही का? मिळते. ती गाडीमालकानं द्यायची. काही वेळा न्यायाधिकरण कंपनीला सांगतं की आधी तुम्ही द्या आणि मग मालकाकडून वसूल करा. म्हणजे शेवटी पैसा मालकाच्याच खिशातून जातो. आणि तो मालक कोण? काकूंच्या चुलत दिराचा पोरगा. पिकअपचा बँकेचा हप्ता अजून चालू, घरी दोन एकर कोरडवाहू. त्याच्यावर केस करायची कोणी? काकूंनी केली नाही. आम्हीही त्यांना आग्रह केला नाही. ते बरोबर की चूक, यावर आमच्यात अजूनही दोन मतं आहेत.

आपल्या भागात बायांचं फिरणं म्हणजे पिकअप नाहीतर ट्रॅक्टरची ट्रॉली. सैलानीच्या यात्रेला, १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला सिंदखेडराजाला, लग्नाच्या वऱ्हाडाला, किती ट्रॉल्या जातात ते आपण पाहतो. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा शेतीच्या कामासाठी असतो. ट्रॅक्टरवर सीट एकच, चालवणाऱ्याची. मडगार्डवर बसलेलं लेकरू आणि ट्रॉलीतल्या बाया त्या कागदात कुठंच नसतात.

"मंग आम्ही कारनं जातो," असं म्हणणाऱ्या ताईंनीही थोडं ऐकावं. मोटारीचा विमा ढोबळ दोन प्रकारचा असतो. एक, फक्त थर्ड पार्टी. तो काढणं १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानं सक्तीचं आहे. नाही काढला तर पहिल्या वेळी दोन हजार रुपये दंड, दुसऱ्या वेळी चार हजार, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हा विमा कोणासाठी? आपल्या गाडीनं ज्याला धडक दिली त्याच्यासाठी. रस्त्यानं चालणारा माणूस, समोरच्या गाडीतली माणसं. घरच्या कारमध्ये आपल्याबरोबर बसलेल्या पाहुण्यांना तो लागू होत नाही. दुसरा प्रकार पॅकेज पॉलिसी, काही जण तिला फुल इन्शुरन्स म्हणतात. त्यात आपल्या गाडीचं नुकसान येतं आणि घरच्या कारमध्ये बसलेल्या माणसांची जबाबदारीही येते. विमा नियामक संस्थेनं २००९ च्या परिपत्रकात हे साफ सांगितलेलं आहे.

हीच गोष्ट मोटारसायकलीची. हे सांगताना आमच्या बैठकीत एकदम शांतता झाली होती. कारण गाडी चालवतो तो दादा किंवा धनी आणि मागच्या सीटवर आपण, मांडीवर लेकरू. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर मागं बसलेलीला त्यातून काही मिळत नाही. पॅकेज असेल तर मिळतं. आज घरी जाऊन मोटारसायकलीचा कागद काढून पाहा. वर "लायबिलिटी ओन्ली" लिहिलंय की "पॅकेज" किंवा "कॉम्प्रिहेन्सिव्ह", एवढंच पाहायचं आहे.

काकूंच्या त्या अपघातानंतर वर्षभर आमची यात्राच बंद होती. त्यातच २०२३ चा जुलै आला. १ तारखेच्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर, आपल्याच जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ, खासगी बसला आग लागून २५ माणसं गेली. त्याच महिन्याच्या २९ तारखेला मलकापूरजवळ अमरनाथ यात्रेहून परतणाऱ्या बसला अपघात झाला. घरची माणसं म्हणू लागली, आता कुठं जाऊ नका. आम्हाला ते पटलं नाही. बाईच्या जन्माला वर्षातून दोन दिवस घराबाहेर पडणं असतं, तेही बंद करायचं म्हणजे काय? मग एकीच्या डोक्यात आलं, आपलीच गाडी घेऊ. आपण जाऊ आणि एरवी दुसऱ्या गटांच्या बायांना भाड्यानं नेऊ.

परदेशात म्हणे चाकावरची घरं असतात. आत पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं. आपल्याकडे त्याला कॅराव्हॅन म्हणतात. २०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. आमची ऐपत तेवढी नाही. आम्ही जुनी बारा अधिक एक सीटची गाडी पाहिली, साडेचार लाखांची. गटाची बचत, थोडं कर्ज. मागच्या दोन सीट काढून पलंग वेल्डिंग करायचा, पाण्याची टाकी लावायची, छोटी गॅस शेगडी ठेवायची आणि पडदा लावून एक उचलता येणारा कमोड. हसू नका. यात्रेत बायांचे सगळ्यात मोठे हाल कशाचे होतात ते तुम्हाला ठाऊक आहे. सकाळपासून पाणी न पिता बसतो आपण.

गाडी ठरली आणि विम्याची पाळी आली. आम्ही दोन ठिकाणी विचारलं. एका ठिकाणचा हप्ता दुसऱ्यापेक्षा पुष्कळ कमी. आम्हाला आनंद झाला, भाजी घेतल्यासारखं स्वस्त ते घ्यायला निघालो होतो. तेवढ्यात काकूंनी विचारलं, "वापर काय लिहिलाय त्याच्यात?" काठी घेऊन चालणारी बाई बरोबर जागी बोट ठेवते. स्वस्त विमा खासगी वापराचा होता. एजंट म्हणत होता, "ताई, पांढरीच पाटी राहू द्या, कोण विचारतं?" पांढऱ्या पाटीची गाडी म्हणजे घरच्या वापराची. तिच्या पॉलिसीत वापराची मर्यादा लिहिलेली असते, भाड्यानं चालवायची नाही अशी. दर्शनाला नेऊन माणशी पैसे घेतले आणि अपघात झाला की कंपनी तेच बोट दाखवते. पुन्हा पिकअपचीच कथा, फक्त सीट मऊ.

म्हणून पहिलं ठरवलं ते असं की गाडी पिवळ्या पाटीवर घ्यायची. पासिंग, परमिट, फिटनेस सगळं रीतसर, आणि विमा प्रवासी वाहतुकीचा. त्यात सीट मोजून हप्ता लागतो. जितक्या सीट पासिंगमध्ये, तितक्या प्रवाशांची जबाबदारी विम्यात. तेवढीच, हे लक्षात ठेवा. बारा जणींच्या जागी वीस बसल्या तर कंपनी बारा जणींच्या भरपाईएवढीच रक्कम भरते, ती विसांमध्ये वाटली जाते आणि बाकीचं मालकाच्या अंगावर येतं. मालक म्हणजे आता आम्हीच.

पलंगाचा बेत मग सोडला. गाडीत कायमचा बदल करायचा म्हणजे बुलढाण्याच्या परिवहन कार्यालयाची मंजुरी, आरसी बुकात नोंद आणि विमा कंपनीला लेखी कळवणं. हे न करता वेल्डिंग केलं तर दावा अडतो. आम्ही घडीच्या दोन खाटा घेतल्या, त्या मुक्कामी उतरवून टाकतो. ज्यांना खरोखर आतून घर करायचं आहे त्यांनी मंजुरी घेऊन करावं. फ्रीज, पंखा, बॅटरी असं जे बसवाल त्याची किंमत पॉलिसीत वेगळी लिहून घ्यावी, त्याला वेगळा हप्ता पडतो. गाडीतल्या भांड्याकुंड्यांचा, कपड्यांचा, बायांच्या दागिन्यांचा गाडीच्या विम्याशी संबंध नसतो. गॅस शेगडीवर दोन बैठका भांडण झालं. शेवटी सिलिंडर न्यायचाच नाही असं ठरलं. चहा थर्मासमधून. कमोड मात्र राहिला.

आता एक गोष्ट, जी आम्हाला कोणीच आपणहून सांगितली नाही. गाडी एका ताईच्या नावावर घ्यायचं चाललं होतं. गाडीमालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा सक्तीचा असतो, त्यामुळं ताईला पंधरा लाखांचं कवच मिळणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण त्या कवचाचं नावच मालक-चालक. मालकाकडं स्वतःचं चालू लायसन्स पाहिजे. ताईकडं लायसन्स नाही. म्हणजे कवच तिला नाही, आणि चालवणारा मालक नाही म्हणून त्यालाही नाही. गाडी गटाच्या किंवा संस्थेच्या नावावर असेल तरीही तेच. कितीतरी घरांत गाडी बाईच्या नावावर असते आणि चालवतो नवरा. दोघांनाही वाटतं आपण झाकलेले आहोत, आणि असतं कोणीच नाही. म्हणून चालकासाठी वेगळं कलम घ्यावं लागतं, पगारी चालकाच्या जबाबदारीचं. त्याचा हप्ता फार नसतो, पण मागितल्याशिवाय कोणी लावत नाही. बसणाऱ्या प्रवाशांसाठीही सीटमागे अपघात विमा वाढवून मिळतो का ते विचारा. आम्ही दोन्ही विचारलं. आमच्यातल्या एकीनं तर चिडून लायसन्सच काढायला घेतलं आहे, सध्या शिकाऊ आहे.

भाड्याच्या मोठ्या गाडीचं आणखी एक. तिच्या साध्या पॅकेजमध्ये दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, रंग हे एकटे बिघडले तर पैसे मिळत नाहीत. थोडा जास्त हप्ता भरून ते कलम घ्यावं लागतं. आपल्या घाटात आणि गल्ल्यांत पहिल्यांदा फुटतो तो दिवाच, तेव्हा आम्ही ते घेतलं. किमतीचंही पाहा. पॉलिसीत गाडीची किंमत लिहितात, चोरी झाली किंवा गाडी पुरती मोडली तर जास्तीत जास्त तेवढीच मिळते. दरवर्षी ती घसरते. नवी असताना आठ लाखांची गाडी चौथं वर्ष संपून पाचव्यात लागली की निम्मी, चार लाख धरतात. पाच वर्षांवरची असेल तर आपण आणि कंपनी मिळून ठरवायची. एजंट ती किंमत कमी लावून हप्ता कमी करून दाखवतो. आपल्याला वाटतं, वाचले पैसे.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तारखेचा हिशेब ठेवा. जुन्या मालकाचा थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर आपल्याकडे येतो, पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग आपल्या नावावर करून घ्यायला चौदा दिवसांत कंपनीकडं अर्ज करावा लागतो. जुन्या मालकानं दावा न केल्याची सूट असते ती त्याची, आपल्याला मिळत नाही.

ज्यांना गाडी घ्यायची नाही, नुसतं बसायचं आहे, त्यांनी काय करावं? निघण्याआधी घरातल्या पोरीला मोबाइलवर एम-परिवहन उघडायला सांगा. गाडीचा नंबर टाकला, आपल्याकडचा एमएच-२८ असो की दुसरा, की गाडी मालवाहू की प्रवासी, विमा कुठपर्यंत, फिटनेस कुठपर्यंत हे दिसतं. विमा कोणत्या प्रकारचा ते मात्र कागदावरच पाहावं लागतं. गाडीवाल्याला कागद मागायला लाज वाटते, हे खरं. आम्ही आता म्हणतो, "दादा, गटाच्या रजिस्टरला झेरॉक्स लावावी लागते." रजिस्टरचं नाव घेतलं की कोणी रागावत नाही.

आणि गाडी कोणाचीही असो, आपला स्वतःचा विमा तेवढा काढून ठेवा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना, वर्षाला वीस रुपये, वय १८ ते ७०. अपघातात मृत्यू आला किंवा दोन्ही हात, पाय, डोळे कायमचे निकामी झाले तर दोन लाख, एक हात, पाय किंवा डोळा गेला तर एक लाख. पिकअप, ट्रॉली, बैलगाडी, यातलं काहीही त्याला आडवं येत नाही. पण हाड मोडून बरं झालं तर त्यात पैसे नाहीत, काकूंना त्यातूनही मिळालं नसतंच. पासबुक मात्र पाहा. मे महिन्याच्या शेवटी खात्यातून वीस रुपये कापले जातात. खात्यात तेवढे नसले की विमा गपचूप बंद पडतो. आमच्या अकरांपैकी चौघींचा असाच बंद पडलेला होता आणि चौघींनाही वाटत होतं की चालू आहे. बँक सखीला बोलावून एका दुपारी सगळ्यांचे अर्ज भरले.

अपघात झालाच तर गाडी हलवण्याआधी फोटो काढा, पोलिसांत नोंद करा, विमा कंपनीला त्याच दिवशी फोन करा. मे २०२५ पासून रस्ता अपघातातल्या जखमींना योजनेतल्या दवाखान्यात पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत उपचार पैसे न भरता मिळायची तरतूद आहे, दवाखान्यात गेल्या गेल्या त्याबद्दल विचारा. भरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत लावावा. कंपनी ऐकत नसेल तर विमा नियामकाच्या तक्रार विभागाचा नंबर १५५२५५ आहे, त्यावर मराठीतही बोलता येतं का ते आधी विचारून घ्या, आणि आपल्या जिल्ह्याचा ग्राहक आयोग बुलढाण्याला आहे.

गेल्या महिन्यात आमची गाडी पहिल्यांदा शेगावला निघाली. कागदांच्या झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून चालकाच्या सीटमागं बांधल्या होत्या. काकूंना पुढची सीट. आरती झाली, नारळ फोडला आणि मोजायला लागलो तर बाया चौदा, सीट बारा. "सरकून बसू, काय होतं," असं तिघी-चौघी एकदम म्हणाल्या. काकू काही बोलल्या नाहीत, नुसती काठी दाराला आडवी धरली. शेवटी आमच्यातल्या दोघी तरण्या उतरल्या आणि एसटीनं निघाल्या. मार्च २०२३ पासून बायांना एसटीत अर्धंच तिकीट आहे. आमच्या गाडीचा अमडापूरला टायर बसला, त्यात पाऊण तास गेला. शेगावला पोचलो तेव्हा त्या दोघी दर्शन करून, प्रसाद घेऊन, सावलीत बसून आमची वाट पाहत होत्या.